कमाई आपली, खातं कुणाचं?

(चंद्रपूर येथे लहान व्यावसायिक आणि बचत गटांच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



मी लहान धंद्यांचे हिशेब लिहिते. कुणाचं बांबूच्या वस्तूंचं काम आहे, कुणाचं मधाचं, कुणी दुपट्ट्यांवर भरतकाम करून विकतं, कुणी ताडोब्याजवळ दोन खोल्या पर्यटकांना देतं. या सगळ्यांनी आता फोनवरून, इंटरनेटवरून विक्री सुरू केली आहे. आणि सगळे मला दोनच प्रश्न विचारतात. "ताई, बँक कोणती चांगली?" आणि "कार्डाने पैसे घ्यायचे तर सगळ्यात कमी कोण कापतं?"

प्रश्न योग्यच आहेत, त्यांची उत्तरंही देते. पण त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत असं माझं मत आहे. पैसा कुणाच्या नावावर येतो? मधल्या काळात तो कुठे थांबतो? आणि तो कधी सोडायचा हे कोण ठरवतं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की टक्केवारीचा हिशेब सोपा आहे.

लांबचं उदाहरण कशाला, आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं. हे काम एका खासगी कंपनीला करार करून दिलं होतं. पर्यटक पैसे भरणार, ते कंपनीकडे जमा होणार, आणि कंपनी आपलं कमिशन ठेवून उरलेली रक्कम ताडोबा प्रतिष्ठानला देणार, अशी व्यवस्था. ऑगस्ट २०२३ मध्ये वन विभागाने पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीनुसार प्रतिष्ठानला यायचे होते २२ कोटी ८० लाख रुपये, आले १० कोटी ६५ लाख. बाकी १२ कोटी १५ लाख आलेच नाहीत, असा आरोप आहे. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, तो आपला विषय नाही. आपल्यासाठी त्यातली गोष्ट एवढीच, की वाघ आपल्या जंगलातला, गाडी आपली, गाइड आपला, पण पर्यटकाचा पैसा आधी दुसऱ्याच्या हातात. सरकारी यंत्रणेला, वकील आणि लेखापाल हाताशी असताना, हे निस्तरावं लागतं. मग घरी बसून टोपल्या विणणाऱ्या बाईचे १२ हजार अडकले तर ती कुठे जाणार?

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद मिळाला तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना वन विभागच देणार होता. परवाना दुसऱ्याच्या हातात म्हणजे विक्रीही दुसऱ्याच्या हातात. ग्रामसभेने तो आग्रह सोडला नाही. २०११ मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, बांबू ग्रामसभेने विकला, आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या नावावर जमा झाला. हक्क कागदावर असणं आणि कमाई स्वतःच्या खात्यात येणं यात किती अंतर असतं, हे गडचिरोलीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या सभांमधून हजरत खदीजा यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्या स्वतःच्या भांडवलावर व्यापार करत. भांडवल त्यांचं, नफा त्यांचा, आणि माल घेऊन जाणारा माणूस त्यांनी नेमलेला. हे आपण अभिमानाने सांगतो. आणि आज आपल्याच मोहल्ल्यात भरतकाम करणाऱ्या मुलीचे पैसे कुणाच्या खात्यात जातात? नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या. मी असे कितीतरी हिशेब पाहिले आहेत. एका बाईची दोन वर्षांची विक्री दिराच्या खात्यात जमा होत होती. दीर प्रामाणिक होता, पै न् पै देत होता. पण शिलाई मशीनसाठी तिने कर्ज मागितलं तेव्हा बँकेने विचारलं, "तुमच्या खात्याचा उतारा कुठे आहे?" उताऱ्यावर तिच्या नावाने एक रुपयाही नव्हता. दोन वर्षं राबलेली बाई बँकेच्या दृष्टीने बिनकामाची ठरली. अहो, भांडण झालं नाही, फसवणूक झाली नाही, तरी नुकसान झालंच ना?

म्हणून पहिली गोष्ट. जो काम करतो त्याच्या नावावर खातं. आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याच्याच हातात. खातं बायकोचं, पण सिम नवऱ्याच्या खिशात, मेसेज त्याला, पिन त्याला ठाऊक, असं असेल तर ते खातं तिचं नाही.

दुसरी गोष्ट, धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं. सुरुवातीला दोन-चार ऑर्डर असतात तेव्हा सगळं एकाच बचत खात्यात चालतं. पण रोजची विक्री सुरू झाली की चालू खातं उघडा. चालू खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते, ती किती ते उघडण्याआधी विचारा. वडीलधारी मंडळी विचारतात, बँकेत व्याजाचं काय? त्यांना सांगा, चालू खात्यावर बँक व्याज देतच नाही. ज्यांना तो प्रश्न आहे त्यांच्यासाठी तो इथे सुटतो.

वेगळं खातं ठेवण्याचं आणखी एक मोठं कारण आहे. सायबर फसवणुकीतला पैसा दहा खात्यांतून फिरतो. अशाच पैशातून कुणी तुमच्याकडून हजार रुपयांची वस्तू घेतली, तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमची रक्कम, कधी कधी पूर्ण खातं, गोठवलं जातं. तुमचा काहीच दोष नसतो. अशा वेळी ऑर्डरचा मेसेज, बिल, पार्सलची पावती हाच तुमचा पुरावा. आणि तोवर मुलांची फी, दवाखाना दुसऱ्या खात्यातून चालू राहतो.

आता बँक कोणती? नाव मी सांगणार नाही, कसोट्या सांगते. शाखा जवळ हवी. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. एटापल्ली किंवा भामरागडच्या माणसाने चंद्रपूरच्या मोठ्या बँकेत खातं उघडलं, तर एका सहीसाठी दिवस जातो. इंटरनेट बँकिंगमध्ये नुसती शिल्लक दिसते की पैसे पाठवताही येतात, ते विचारा. काही ठिकाणी पहिलंच असतं. राष्ट्रीयीकृत बँक असो, ग्रामीण बँक असो की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, ठेवीवर ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या पैशाला हा विमा नाही. पतसंस्था आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, ओळखीची माणसं आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ऑनलाइन धंद्याचा पैसा जमा होण्याची जागा बँकच असावी.

पोस्टाची पेमेंट्स बँक २०१८ पासून आहे, पोस्टमन दारात येतो, दुर्गम गावात तिचा मोठा आधार आहे. पण पेमेंट्स बँकेत दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि ती स्वतः कर्ज देत नाही. धंदा वाढवायचा असेल तर सोबत दुसरं खातं हवंच. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्रीकरण झालं. अशा वेळी पासबुक, चेकबुक, आयएफएससी कोड यांत बदल होऊ शकतो. ज्यांची खाती तिथे आहेत त्यांनी आपल्या दुकानाच्या पानावर आणि पेमेंट कंपनीकडे कोणता कोड दिला आहे ते एकदा तपासावं.

आता पैसे घेण्याच्या साधनांकडे वळू. गिऱ्हाईक ओळखीचं आहे, नागपूर-पुण्याचं आहे, फोनवर ऑर्डर देतं, तर यूपीआयचा क्यूआर कोड पुरतो. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर बँकेने दुकानदाराकडून कापायचा दर शून्य आहे. पैसे थेट खात्यात येतात, मध्ये थांबत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी हेच सांगते, की तुम्हाला अजून दुसरं काही लागत नाही. फक्त आवाज देणारा डबा घेताना त्याचं महिन्याचं भाडं विचारा.

आणि क्यूआर वापरताना हे कायम लक्षात ठेवा, की पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. "मॅडम, पेमेंट पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं तर तो चोर आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात.

तुमचं स्वतःचं दुकान इंटरनेटवर असेल, अनोळखी गिऱ्हाईक रात्री दोन वाजता ऑर्डर देत असेल, क्रेडिट कार्ड किंवा हप्त्याने पैसे द्यायचे म्हणत असेल, होम-स्टेसाठी परदेशी पाहुणा आगाऊ भरणा करणार असेल, तर मात्र पेमेंट कंपनी लागते. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत तिला पेमेंट ॲग्रीगेटर म्हणतात. ती गिऱ्हाइकाकडून पैसे घेते, थोडा काळ सांभाळते, मग तुम्हाला देते. म्हणजे ताडोब्याच्या प्रकरणातली मधली जागा इथेही आहे. फरक असा, की मार्च २०२० च्या नियमांपासून अशा कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि दुकानदारांचा पैसा तिला स्वतःच्या पैशात मिसळता येत नाही. तो बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नसेल तर पुढे बोलू नका. "मी वेबसाइट बनवून देतो, पैसे माझ्या खात्यात येतील, दर आठवड्याला तुम्हाला देईन" असं म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणा.

आता टक्केवारी. चिचपल्लीच्या बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेल्या एका गटाने १२०० रुपयांचा दिवा विकला असं समजू. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड वापरलं आणि कंपनीचा दर २ टक्के आहे. २४ रुपये कमिशन. हातात आले ११७६ रुपये. लहान दुकानदाराला, म्हणजे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर, डेबिट कार्डच्या दरावर ०.४० टक्क्यांची मर्यादा आहे. पण बऱ्याच कंपन्या आपल्या सेवेचं शुल्क म्हणून यूपीआय आणि डेबिट कार्डवरही वेगळं काही लावतात. म्हणून "तुमचा दर काय?" असं मोघम विचारू नका. यूपीआयवर किती, डेबिटवर किती, क्रेडिटवर किती, परदेशी कार्डावर किती, असं एकेक लिहून घ्या.

पण २४ रुपयांसाठी फार जीव टाकू नका. त्याच दिव्याच्या पार्सलला त्याहून जास्त लागतात. खरा खर्च पैसे अडकण्याचा आहे. दहा दिवे विकले, १२ हजार रुपये आठवडाभर आले नाहीत, तर पुढचा बांबू उधारीवर. म्हणून कंपनीला हे विचारा. पैसे कितव्या कामाच्या दिवशी खात्यात येतात? कोणत्या कारणाने रोखून धरता? रोखले तर कळवता का आणि सोडवायला किती दिवस लागतात? माल परत आला, गिऱ्हाइकाला पैसे दिले, तर कापलेलं कमिशन परत मिळतं का? बहुतेक वेळा मिळत नाही, तेव्हा ते किमतीत धरा. आणि अडचण आली तर माणसाशी बोलता येतं की फक्त ई-मेल?

कार्डाच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट असते, चार्जबॅक. गिऱ्हाईक आपल्या बँकेला सांगतं, "वस्तू मिळाली नाही" किंवा "हा व्यवहार मी केलाच नाही". मग ती रक्कम तुमच्याकडून परत मागितली जाते. ठरलेल्या मुदतीत पुरावा दिला नाही तर पैसे गेले. आपल्या भागात हे जास्त जपायला हवं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथलं पार्सल आठवडाभर हलत नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला पर्लकोटा माहीत नाही, त्याला वाटतं फसवलं. म्हणून दुकानाच्या पानावर स्पष्ट लिहा, "पावसाळ्यात पोचायला जास्त दिवस लागतील". उशीर होणार असेल तर आपण होऊन कळवा. पार्सलची पावती आणि पॅक केलेल्या वस्तूचा फोटो किमान वर्षभर जपा.

नेटवर्क गेल्याने गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, असंही होतं. घाबरून माल देऊ नका आणि भांडूही नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला केलेला असा फसलेला यूपीआय व्यवहार ५ दिवसांत आपोआप उलटवावा लागतो, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. हे त्याला शांतपणे सांगा.

सगळं एकाच टोपलीत ठेवू नका. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिथल्या खात्यात नवे पैसे जमा होणं बंद झालं. ज्यांची विक्री त्याच खात्यात जमा होत होती त्यांना घाईघाईने दुसरी बँक जोडावी लागली. ज्यांच्या ॲपमागे आधीच दुसऱ्या बँकेचं खातं होतं त्यांचं काम चालू राहिलं. ॲपचं नाव एक आणि मागची बँक दुसरी असू शकते. तुमच्या मागे कोणती बँक आहे ते आज घरी जाऊन पाहा.

शेवटी कागदांबद्दल. पेमेंट कंपनी आधार, पॅन, बँक खातं, उद्यम नोंदणी मागते, खाण्याची वस्तू असेल तर अन्न परवाना. माझ्या अनुभवात अर्ज सर्वात जास्त अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर. आधारवर शेख एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या, बँकेत नावापुढे बी आहे तर आधारवर नाही. आदिवासी भगिनींचंही तेच, आत्राम, मडावी प्रत्येक कागदावर वेगळं. हा दोष आपला नाही, लिहिणाऱ्याने ऐकून काहीतरी लिहिलं. पण दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. मतदार यादी असो की बँक, तिन्ही कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. तसंच, मालाची विक्री दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर जीएसटीचे नियम वेगळे आहेत, हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलत आहे. त्याबद्दल कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

आणि बँकेने खातं नाकारलं तर? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की काही बँका मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी नकोसे ठरवत होत्या. असा अनुभव कुणाला आला, तर काउंटरवर वाद घालून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. २०२१ पासून ही सगळी व्यवस्था एकच आहे, ऑनलाइन आहे, आणि तिला शुल्क नाही. हे तुमचे नागरिक म्हणून हक्क आहेत, कुणाची मेहरबानी नव्हे.

या आठवड्यात तीन कामं करा. तिन्ही कागदांवरची नावं जुळवून पाहा. आपली विक्री कुणाच्या नावाने जमा होते ते तपासा, दुसऱ्याच्या नावाने होत असेल तर घरात बसून, न भांडता, बदला. आणि ज्या कंपनीमार्फत पैसे घेता तिचं नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधा. कुठे अडलं तर पुढच्या बैठकीत कागद घेऊन या, आपण मिळून पाहू.